सर्व्हरवरील खाते आणि त्याचे कुलूप

केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेल्या बंगळुरूच्या जुन्या पेठेत चिकपेट आहे. कापड आणि रेशमी साड्यांच्या व्यापारासाठी ते प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या घाऊक दुकानाची कल्पना करा. पूर्वी कीर्द-खतावणी दिवाणजींच्या ताब्यात असे. आता हिशेब सर्व्हरवर असतो आणि विक्रेते, गोदामपाल, हिशेबनीस आपापल्या संगणकावरून तो उघडतात. कोणी काय पाहावे व काय बदलावे, हे ठरवताना प्रत्येकाच्या खात्याचा आधार घेतला जातो.

लिनक्स प्रणालीत प्रत्येक स्थानिक खात्याची एक ओळ ‘पासडब्ल्यूडी’ या फाइलीत असते. तिचे सात भाग असतात. त्यांत खात्याचे नाव, खातेक्रमांक, गटक्रमांक, गृहनिर्देशिका इत्यादी माहिती असते. हे गुणधर्म व्यवस्थापक कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टंकून, बदलू शकतो. दुकानात न जाताही हे काम करता येते.

आता मुख्य प्रश्न पाहू. हिशेबनीस नोकरी सोडून गेला, तर त्याच्या खात्याचे काय करावे? ते तसेच ठेवले, तर दुकानाची किल्ली बाहेरच्या माणसाकडे राहिल्यासारखे होईल. पण ते घाईने पुसणेही योग्य नाही. फाइलीचा मालक कोण, याची नोंद प्रणाली नावाने नव्हे, तर क्रमांकाने ठेवते. खाते पुसले आणि फाइली राहिल्या, तर त्या निनावी होतात. पुढे तोच क्रमांक नव्या माणसाला मिळाला, तर जुन्या फाइलींची मालकीही त्याच्याकडे जाते.

म्हणून आधी खात्याला कुलूप लावावे. त्यासाठी ‘युजरमॉड’ ही आज्ञा, मग लघुरेषा व मोठे ‘एल’, आणि शेवटी खात्याचे नाव टंकावे. प्रणाली सांकेतिक रूपातील परवलीच्या शब्दापुढे उद्गारचिन्ह लावते आणि तो शब्द निरुपयोगी होतो. मात्र एवढ्याने काम संपत नाही. इलेक्ट्रॉनिक किल्लीने प्रवेश घेण्याची सोय असल्यास ती वाट उघडीच राहू शकते. यासाठी ‘चेज’ या आज्ञेने, लघुरेषा व मोठे ‘ई’ वापरून, खात्याची मुदत संपल्याची तारीख द्यावी. आधीपासून चालू असलेले काम मात्र यामुळे आपोआप थांबत नाही. ते वेगळे बंद करावे लागते. त्यानंतर फाइली नव्या हिशेबनिसाच्या नावे कराव्यात आणि मगच खाते पुसण्याचा विचार करावा.

हंगामी कामगाराला खाते देतानाच त्याची अखेरची तारीख नोंदवणे अधिक चांगले. तसेच एकच खाते अनेकांनी वापरू नये. नाहीतर चुकीची नोंद कोणी केली, हे कळत नाही आणि निर्दोष माणसावर संशय येतो. खात्यांची शिस्त दुकानाइतकीच कामगारालाही जपते.

पाठगत प्रश्न

१. खाते पुसण्यापूर्वी त्याला कुलूप का लावावे?
२. कुलूप लावल्यानंतरही मुदतीची तारीख देणे का आवश्यक आहे?
३. तुमच्या कामाच्या ठिकाणी एकच परवलीचा शब्द अनेकजण वापरतात का? त्याचे परिणाम पाच वाक्यांत लिहा.