‘अ’ अननसाचाच का? – उत्तरेच्या अरण्यातली लाकडी ठशांची मुळाक्षरं



पहिलीच्या तक्त्यावर ‘अ’ अननसाचा असतो आणि इंग्रजीचा ‘ए’ ॲपलचा. आमच्या गावात यातलं एकही पिकत नाही. न पाहिलेल्या वस्तूवरून मुलं अक्षर शिकतात आणि आपल्याला त्यात काही खटकतही नाही. आज अशा एका पुस्तकाची ओळख करून घेऊ, ज्यातली मुळाक्षरं थेट घराभोवतालच्या रानातून आली आहेत.

अरण्य आणि पुस्तक

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठावर ग्रँड मरे हे छोटं गाव आहे. मागे पाइन, स्प्रूस आणि बर्चची दाट जंगलं, त्यात हजाराहून जास्त तळी. उन्हाळ्यात लोक कनू नावाच्या लांबट, हलक्या होडीतून फिरतात. हिवाळ्यात तळी गोठतात. या प्रदेशाला तिकडे ‘नॉर्थवुड्स’, म्हणजे उत्तरेचं अरण्य म्हणतात.

इथल्या चित्रकार बेट्सी बोवेन यांचं ‘अँटलर, बेअर, कनू’ हे पुस्तक 1991 साली आलं. ‘ए’ म्हणजे अँटलर, दरवर्षी गळून पुन्हा उगवणारी हरणाची शिंगं. ‘बी’ म्हणजे अस्वल. ‘सी’ म्हणजे कनू. अक्षरं पुढे सरकतात तसं वर्षही पुढे सरकतं. म्हणजे मूल अक्षरांसोबत आपल्या गावचे ऋतूही वाचतं.

ठसा कसा तयार होतो?

यातली चित्रं लाकडी ठशांची आहेत. सपाट फळीवर चित्र काढायचं आणि जे पांढरं राहायला हवं ते कोरून काढायचं. उरलेल्या उंच भागावर रुळाने काळी शाई लावायची, वर कागद ठेवून दाब द्यायचा. रंग नंतर हाताने भरतात. बोवेन यांनी त्यासाठी पांढऱ्या पाइनची फळी वापरली. हे लाकूड मऊ असतं, शिवाय ते त्याच अरण्यातलं झाड!

यात एक गंमत आहे. छाप उलटी उमटते, म्हणून अक्षर फळीवर उलटं कोरावं लागतं. आणि एकदा कोरलेलं परत जोडता येत नाही. त्यामुळे विचार आधी, हत्यार नंतर.

आपल्याकडेही याचं सुंदर उदाहरण आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘सहज पाठ’ (1930) या बंगाली बालवाचनमालेसाठी नंदलाल बोस यांनी लिनोकटची, म्हणजे लाकडाऐवजी लिनोलियम कोरून छापलेली चित्रं केली होती.

वर्गातला प्रयोग

मुलांच्या हाती लाकूड कोरायचं हत्यार नको. आम्ही चौथीत जाड पुठ्ठा घेतला. पुठ्ठ्याचे आकार कापून दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवले, घट्ट पोस्टर कलर लावला, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला. अक्षर आधी बटर पेपरवर लिहून तो पालथा घातला, की उलटं अक्षर आपोआप मिळतं. ही युक्ती मला उशिरा सुचली. माझा पहिला ‘क’ उलटा छापला गेला आणि वर्ग पोट धरून हसला!

अट एकच होती, वस्तू आपल्या घरातली किंवा शिवारातली हवी. तरी बहुतेकांनी ‘क’साठी कमळ आणि कबूतरच काढलं. ऊसतोड कामगाराच्या एका मुलाने मात्र कोयता काढला. “सर, हे चालंल का?” त्याने दबकत विचारलं. मी म्हटलं, “चालंल काय, हाच तर हवाय!” मूठ, पातं, टोकाचा बाक, सगळं अचूक. रोज बघितलेली वस्तू होती ना ती. मग बाकीच्यांनीही कमळं बाजूला ठेवली आणि कणगी, करडू, कढई असं सुरू झालं.

दिवाळीनंतर त्याचं कुटुंब कारखान्याकडे गेलं. जाताना त्याने पुठ्ठ्याचा ठसा मागून घेतला. छाप आमच्या भिंतीवर आहे.

मुलांशी बोलण्यासाठी प्रश्न

1. ठशावर अक्षर उलटं का असतं?
2. आपल्या गावची मुळाक्षरं करायची तर ‘अ’ कशाचा?
3. पावसाळ्यातली कोणती वस्तू कोणत्या अक्षराला शोभेल?

पालकांनो, हा प्रयोग रविवारी घरीही होतो. फक्त वस्तू मुलालाच निवडू द्या.