डायनॅमो उतरवण्याआधी

माझ्या मॉरिस मायनरचा चार्जिंगचा लाल दिवा विझेना, तेव्हा वायरमनने बॉनेट उघडलं, डायनॅमोवर हात ठेवला आणि निदान केलं, "साहेब, आर्मेचर गेलं. भरावं लागेल." मीटर त्याने पेटीतून काढलाच नाही. आर्मेचर भरून आलं, डायनॅमोला काळा रंगही लागला, आणि दिवा होता तसाच.

खरं तर दिवाच सगळं सांगत होता. रेस वाढवली की तो मंद व्हायचा, आणखी वाढवली की उलट भडकायचा. हा दिवा इग्निशन आणि डायनॅमोचं 'डी' टर्मिनल यांच्या मध्ये असतो. दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं झालं की विझतो. तो रेसवर भडकत असेल, तर डायनॅमो बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टेज देतोय, फक्त त्याला बॅटरीशी जोडणारं कटआउट जुळत नाहीये. मग आर्मेचर भरायचं कशाला?

खात्री करायला वायरचा एक तुकडा आणि मीटर पुरतो. पट्टा ढिला नाही ना, ते आधी बघा. डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढा, 'डी' आणि 'एफ' एकमेकांना जोडा. मीटरचं एक टोक त्या जोडाला, दुसरं डायनॅमोच्या बॉडीला. मीटर काट्याचाच घ्या, डिजिटलचे आकडे ठिणग्यांमुळे नाचतात. आयडलपासून रेस हळूहळू वाढवा. काटा न अडखळता चढला पाहिजे, पण २० व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नका. काटा हललाच नाही तर कार्बन ब्रश बघा, बरेचदा ते होल्डरमध्ये अडकलेले असतात. अर्धा-एक व्होल्टवर थांबला तर फील्ड कॉइलचा संशय घ्या. चार-पाचवर अडला, तरच आर्मेचरचं नाव काढा.

माझा काटा सरळ वर गेला. दोष निघाला कटआउट ज्यात असतं त्या रेग्युलेटरच्या अर्थिंगमध्ये. गाडीच्या बॉडीला नवा रंग दिल्यावर 'ई'ची वायर पेंटरने रंगाच्या थरावरच आवळली होती. अर्थ नाही म्हणून कटआउटच्या कॉइलमध्ये करंट नाही, आणि कटआउट ओढलं जात नाही. रंग पत्र्यापर्यंत खरवडला, काम झालं. गंमत म्हणजे अशा अवस्थेत डायनॅमोवर रेग्युलेटरचा ताबा राहत नाही. गाडी तशीच हायवेला दामटली असती, तर वाइंडिंग खरोखरच जळलं असतं.

कम्युटेटर काळा पडला असेल तर पेट्रोलचा बोळा फिरवा, फार तर बारीक काचपेपर. एमरी नको, तिचे कण तांब्यात रुतून कार्बन खातात. मागच्या बुशला तेल दोन-चार थेंबच, जास्त झालं तर कम्युटेटरवर उतरतं. आणि या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला असतं. बदली डायनॅमो बसवलात तर 'एफ'ची वायर काढून बॅटरीच्या निगेटिव्हची तार त्या टर्मिनलला क्षणभर टेकवा, नाहीतर तो उलटा चार्ज करू शकतो.

आर्मेचर भरायला देण्याआधी ही चाचणी तुमच्यासमोर करून घ्या. जो वायरमन या चाचणीला कंटाळतो, त्याच्याकडे डायनॅमो सोडू नका.