वृद्ध हृद्रोग्यांचे पथ्यपालन व उपस्थाता

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत. यांतील उपस्थात्याचा विचार आपल्या चिकित्सालयांत सर्वांत कमी होतो. वृद्ध हृद्रोग्याचे घरी गेल्यानंतरचे पथ्य मात्र बव्हंशी त्याच पादावर अवलंबून असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात १४ रुग्णालयांतील ८०६ रुग्ण होते. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी ज्यांचा वर्षभर पाठपुरावा केला, त्यांचे औषधसेवन अधिक नियमित राहिले. आहार, व्यायाम व तंबाखू यांबाबतही सुधारणा आढळली.

माढा परिसरात ज्वारीची भाकरी हे उत्तम पथ्य घरोघरी आहेच. अडचण तिच्यासोबतच्या शेंगाचटणी, लोणचे व पापडाची. ‘मीठ कमी करा’ एवढे सांगून काही साधत नाही. परिचारिकेने मिठाचा पुडा किती दिवस पुरतो, हे विचारावे. प्रतिदिनी माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी ही मर्यादा धरल्यास चौघांच्या घरी एक किलो मीठ किमान पन्नास दिवस पुरले पाहिजे. वृद्ध स्त्रिया मिश्रीला तंबाखूत गणत नाहीत, म्हणून तिची पृच्छा स्वतंत्र करावी. पंढरपूर जवळ असल्याने एकादशी अनेक घरांत पाळली जाते. त्या दिवशी उपवासासह गोळ्याही टळतात काय, तेही पाहावे.

औषधी विक्रेत्यांचा संबंध येथेच येतो. वातानुलोमनासाठी सहज दिले जाणारे लवणभास्कर चूर्ण लवणप्रधान आहे. सैंधवही सोडियमयुक्तच. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल गोळ्या घेणाऱ्यास ते विशेष घातक. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, म्हणून वृक्कविकार असलेल्यास ते वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये.

२०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांत परिचर्या पदवीधरांप्रमाणे आपले आयुर्वेद पदवीधरही आहेत. रुग्णास घरी पाठविताना चालू औषधे, पथ्य व वजन यांची चिठ्ठी त्यांच्याकडे द्यावी. हृदयदौर्बल्य असलेल्या रुग्णाचे वजन रोज सकाळी, लघवीनंतर व न्याहारीपूर्वी नोंदवावे. दोन-तीन दिवसांत ते दोन किलोने वाढले, पायांवर शोथ आला अथवा आडवे होताच श्वास लागू लागला, तर काढा बदलण्यात वेळ न दवडता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे.