संत्रे का सडते?

नागपूरची संत्री साऱ्या देशात नावाजलेली आहेत. नागपूर, अमरावती या भागात संत्र्याच्या बागा पुष्कळ. वर्षभर बाग राखावी, खतपाणी करावे, माल उतरवावा आणि बाजारात पेटी उघडावी तर काय? चार फळे मऊ पडलेली, वर हिरवी भुकटी! भाव लगेच पडतो. कोणी म्हणतो, दृष्ट लागली. कोणी म्हणतो, नशीब. आम्ही सांगतो, दृष्टही नव्हे नि नशीबही नव्हे. हे काम बुरशीचे. ती फळ कशी कुजवते ते आज पाहू.

विटा आणि चिखल

घराची भिंत कशी असते? विटेवर वीट. मधे चिखल. चिखल विटांना धरून ठेवतो. फळही असेच रचलेले आहे. त्याच्या विटा फार बारीक असतात. त्यांना पेशी म्हणतात. पेशी मातीच्या विटेसारखी भरीव नसते. तिला बाहेरून भिंत असते, आत रस असतो. दोन पेशींना सांधणारा चिखल म्हणजे पेक्टिन. पेरूची जेली घट्ट होते ती याच पेक्टिनमुळे. संत्र्याच्या सालीत पेक्टिन भरपूर असते.

बुरशीचे जेवण

आपण घास तोंडात घालतो, मग तो पोटात पचतो. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. मग ती जेवते कशी? ती आधी पचवते आणि मग घेते! तिच्या अंगातून पाचक रस बाहेर पाझरतात. त्या रसांत जो पदार्थ काम करतो त्याला विकर म्हणतात. पेक्टिन म्हणजे एक लांब साखळी. विकर तिच्या कड्या तोडतो. सांधा सुटला की पेशी सैल होतात. दुसरे विकर पेशींच्या भिंती पोखरतात. आतला रस बाहेर येतो. म्हणून सडका डाग मऊ नि पाणीदार लागतो. सुटलेली साखर बुरशी शोषून घेते आणि पुढे सरकते.

दे बारी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली हे दाखवले. भाज्या कुजवणाऱ्या बुरशीचा नुसता रस चांगल्या भाजीलाही मऊ करी. तोच रस उकळला की निकामी होई.

दार कोण उघडते?

हिरव्या बुरशीचे बी म्हणजे ती हिरवी भुकटी. ती वाऱ्याबरोबर सगळीकडे जाते. पण अखंड सालीतून तिला आत शिरता येत नाही. तिला जखम लागते. फळ ओढून तोडले की देठाशी साल फाटते. नख लागते. पाटीची काडी टोचते. फळ जमिनीवर आपटते. बुरशीला दार आपणच उघडून देतो, बरं का!

निळी बुरशी आणखी वाईट. ती सडक्या फळातून शेजारच्या चांगल्या फळातही शिरते.

मग काय करावे?

१. फळ ओढू नये. कात्रीने देठ आखूड कापावा.
२. नखे कापलेली असावीत.
३. पावसात किंवा दव असताना तोडणी करू नये. तेव्हा साल फुगलेली असते, लवकर दुखावते.
४. फळ फेकू नये. पाटीत हळू ठेवावे. पाटीला आतून गोणपाट लावावे.
५. खरचटलेले फळ वेगळे काढावे. ते पेटीत भरू नये, घरी आधी खावे.
६. सडकी फळे बागेत पडू देऊ नयेत. लांब खड्ड्यात पुरावीत.
७. पाट्या नि पेट्या धुऊन उन्हात वाळवाव्यात.
८. माल सावलीत, थंड जागी ठेवावा. थंडीत बुरशी सावकाश वाढते.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. लागतो तो जपणारा हात. तोडणीला येणाऱ्या बायाबापड्यांनाही हा धडा वाचून दाखवा. वर्षाची मेहनत शेवटी त्यांच्याच हातांतून जाते.

सांगा पाहू

१. पेक्टिन काय काम करते?
२. सडका डाग पाणीदार का लागतो?
३. तुमच्या घरी फळे कशी तोडतात? त्यात काय बदलाल?