झिरो परत येतो का?

निगडी,
रविवार, रात्री साडेदहा

चि. चिमीस,

फोन केला असता तर "हो गं आत्या, बघते" म्हणून तू दोन मिनिटांत ठेवून दिला असतास. म्हणून लिहायला बसले आहे. पूर्ण वाच, आणि उभ्या उभ्या वाचू नकोस.

परवा साताऱ्याला मुंजीला गेले होते. पंगतीत माझ्या शेजारी एक मुलगा बसला. बोलता बोलता कळलं की तो तुझ्याच ऑफिसात, तुझ्याच टेबलाला लागून काम करतो. मी तुझी आत्या म्हटल्यावर त्याला इतका आनंद झाला, की जिलबी पानात तशीच राहिली आणि तो तुझं कौतुक करत सुटला. चिमी रात्री अकरापर्यंत थांबते, चिमीसारखे हात कुणाचे नाहीत. ऐकताना मला बरं वाटत होतं. मग म्हणाला, "तिचं डोकं बघा आत्या, सेन्सरची चाळीस रीडिंग घेतली, त्यातली सात बाहेर पडत होती. तिने ती सरळ काढून टाकली. आता ग्राफ पट्टीने मारल्यासारखा आहे. महिनाअखेरीला क्लिनिकवाल्यांना डेमो." घास माझ्या घशाखाली उतरेना. मला वाढणारी बाई विचारायला लागली, तिखट लागलं का म्हणून.

ती सात रीडिंग कुठे आहेत, चिमे?

कदाचित त्या मुलाने अर्धवट सांगितलं असेल. तू ती वेगळ्या पानावर, कारणं लिहून ठेवलीही असशील. तसं असेल तर हे पत्र फाडून टाक आणि म्हाताऱ्या आत्याला माफ कर. पण परवापासून मला झोप नाही, आणि ती का नाही हे तुझ्या बाबांनाही सांगता येत नाही.

दिवाळीत तू मला कागदावर चित्र काढून समजावलं होतंस. स्त्रीबीज मिलिमीटरच्या एकदशांशाएवढं. त्याला एका बाजूने काचेच्या नळीने धरायचं, दुसऱ्या बाजूने पाचेक मायक्रॉन पोकळीची सुई आत न्यायची आणि एकच शुक्रजंतू सोडायचा. बीजाचं आवरण लगेच फुटत नाही, सुईबरोबर नरसाळ्यासारखं आत ओढलं जातं, आणि पलीकडच्या कडेपर्यंत गेलं तरी कधी कधी फुटत नाही. आतल्या गुणसूत्रांच्या जाळीला धक्का लागू नये म्हणून बीज असं फिरवून ठेवतात की त्याला लागून असलेला छोटा ध्रुवपिंड घड्याळाच्या बारावर किंवा सहावर येईल, आणि सुई तीनावरून जाईल. मग पिझो, म्हणजे व्होल्टेज दिलं की किंचित लांबणारा तो तुकडा, लावला की सुईच्या टोकाला बारीक ठोके बसतात आणि आवरण न ताणता छेद जातो. उंदरांवर हे १९९५ मध्ये करून दाखवलं, तेव्हा सुईत ठोक्याला वजन यावं म्हणून पाऱ्याचा थेंब ठेवत, असं तूच म्हणालीस. "आत्या, मला पाऱ्याशिवाय करायचंय, आणि आवरण फुटलं की सुईनेच सांगायला हवं," हे बोलताना तुझा चेहरा काय दिसत होता! म्हणून तर त्या सुईला तुझा तो बळ मोजणारा सेन्सर. आणि तोच सेन्सर चाळिसात सात वेळा वेगळं सांगतो आहे.

मी डिप्लोमाच्या पुढे शिकलेली नाही, पण हा आजार माझ्या ओळखीचा आहे. पिझोचा दहा मिलिमीटरचा थर पूर्ण व्होल्टेजला जेमतेम दहा मायक्रॉन लांबतो. वर जाताना तो एका वाटेने जातो आणि उतरताना दुसऱ्या वाटेने येतो, दोन्हीत दहा-पंधरा टक्क्यांचं अंतर सहज पडतं. व्होल्टेज धरून ठेवलं तरी तो हळूहळू सरकत राहतो. आमच्याकडे त्याला क्रीप म्हणायचे, तुमच्याकडेही तेच म्हणतात. तेव्हा त्या सात रीडिंगच्या वेळा बघ. सकाळची पहिली आहेत का? खालची प्लेट सदतीस अंशांवर नीट तापायच्या आधीची? जेवणाच्या सुट्टीनंतरची? व्होल्टेज उतरवताना घेतलेली? माझं मन सांगतं की ती सातही एकाच जातीची निघतील. सेन्सरचा सगळा स्वभाव त्या सातांत आहे आणि तेहतीस तुला फक्त बरं वाटावं म्हणून आहेत. दुरुस्ती अवघड नसते. थराला स्वतंत्र जागा-मापक बसवून लूप बंद केला की पुष्कळ फरक पडतो. मालकांना त्याचा खर्च नको असेल, हे मी समजू शकते. पण तो नकार त्यांच्या तोंडून येऊ दे. तू आधीच ग्राफ सरळ करून त्यांची सोय का करतेस?

रागावले. थोडा चहा घेऊन आले.

आता एक गोष्ट सांगते, जी तुझ्या आतोबांनाही मी कधी सांगितली नाही. ते गेले तेव्हाही नाही.

मी लोडसेलला स्ट्रेन गेज चिकटवायची, हे तुला माहीतच आहे. तू शाळेतून सुट्टीला आलीस की माझ्या बोटांचा वास घ्यायचीस आणि अ‍ॅसिटोन म्हणून ओरडायचीस. स्टीलच्या बॉडीला बारीक पॉलिश पेपर मारायचा, मग अ‍ॅसिटोनचा कापूस एकाच दिशेने ओढायचा, वापरलेला बोळा पुन्हा फिरवायचा नाही. चिमट्याने गेज उचलून रेषेवर रेष बसवायची, दाब द्यायचा, ओव्हनमध्ये घालायचं. चार गेजचा ब्रिज. ३५० ओहमच्या गेजमध्ये पूर्ण वजनाला पाऊण ओहमचासुद्धा फरक पडत नाही, आणि त्यावर ट्रकभर मालाचं वजन ठरतं. शेवटी टेस्ट. पूर्ण वजन अर्धा तास ठेवायचं, काढायचं आणि बघायचं. आमचे सुपरवायझर खोलीच्या दारातूनच विचारायचे, "झिरो परत येतो का?"

१९८७ चा नोव्हेंबर. गळीत हंगाम सुरू झाला होता आणि एका साखर कारखान्याला वजनकाट्यासाठी सेल तातडीने हवा होता. दुसऱ्या दिवशी कराडला तुझ्या बाबांचा साखरपुडा. माझी शेवटची एसटी स्वारगेटहून सुटायची होती. वजन काढलं. झिरो परत येईना. म्हणजे यायचा, पण रेंगाळत, आणि थोडा अलीकडेच थांबायचा. मी पाच मिनिटं बघितलं, दहा मिनिटं बघितलं. पुन्हा अर्ध्या तासाची टेस्ट लावली असती तर एसटी गेली असती. दारातून प्रश्न आला, "झिरो परत येतो का?" मी "हो" म्हटलं आणि टेस्ट शीटवर शून्य लिहून सही केली.

साखरपुड्याच्या फोटोत मी हसते आहे. तुझ्या आईच्या अल्बममध्ये आहे तो फोटो, निळ्या साडीतला.

फेब्रुवारीत तो सेल परत आला. कारखान्याचा फिटर घेऊन आला होता. भरलेली गाडी काट्यावरून उतरली की रिकाम्या काट्यावर चाळीस-पन्नास किलो उरलेले दिसत, काट्यावरचा मुलगा बटण दाबून झिरो करी, आणि मग तो उरलेला आकडा आपोआप उतरत जाई. पुढच्या गाडीचा तेवढा ऊस कमी भरे. शेतकऱ्यांनी घरी तोलून आणलेल्या मोळ्यांवरून हिशेब मांडला. काटा मारतो म्हणून त्या मुलाला घेरलं. कारखान्याने त्याला काढून टाकलं. फिटर म्हणाला, पोरगं नवीन होतं, गेल्याच वर्षी लागलं होतं, रडत होतं. मी त्या फिटरला चहा ओतून दिला. ते सगळं ऐकत मी सेलचं झाकण उघडलं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. एका गेजच्या कोपऱ्याखाली हवेचा बुडबुडा होता, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. मी चिकटवलेला गेज, माझा बुडबुडा, शीटवर माझी सही.

मी काही बोलले नाही. नवीन गेज लावले, तीन वेळा अर्ध्या अर्ध्या तासाची टेस्ट घेतली, सेल पाठवून दिला. त्या मुलाचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पत्ता काढता आला असता, आणि पत्ता मिळाला असता तर जावं लागलं असतं. दर हंगामात महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या दिसल्या की मी खिडकीतून नजर काढून घेते. तू एकदा विचारलंही होतंस, आत्या उसाचा रस का पीत नाही. तेव्हा तुला साखरेचं कारण सांगितलं होतं.

माझ्या शून्यामुळे कुणाचा ऊस गेला आणि एका मुलाची नोकरी गेली. तुझ्या सुईसमोर काय असणार आहे?

आता आणखी एक. घरात तुझ्यासमोर कुणी बोललं नसेल, पण तुला ठाऊक असणार. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएम हॉस्पिटलात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षाचा, त्या टेस्ट ट्यूब बेबीचा, जन्म झाला. ती बातमी आतोबांनी कापून पाकिटात ठेवली होती. मी अठ्ठावीस वर्षांची होते. आम्हीही मुंबईला जाऊन आलो, चिंचवडहून पहाटे निघून. पण नुसतं बशीत एकत्र ठेवून भागायचं तर शुक्रजंतूला स्वतःच्या जोरावर आत शिरता यायला हवं, आणि आमचा नेमका तिथेच अडसर होता. सुईने आत सोडून पहिली गर्भधारणा झाल्याचं ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी कळवलं ते १९९२ साली. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, आणि असं काही निघालं आहे हे मला कळेपर्यंत पंचेचाळिशी उलटली होती. आतोबा म्हणाले, जाऊ दे, आपल्याला चिमी आहे. त्या दिवशी तुझा आठवीचा निकाल होता.

म्हणून त्या बशीकडे मी नमुना म्हणून बघूच शकत नाही. एखादीला इंजेक्शनांच्या पंधरवड्यानंतर तीनच बीजं मिळालेली असतील. कुणाला एकच. तुझा सेन्सर म्हणेल अजून फुटलं नाही, म्हणून हात आणखी दोन मायक्रॉन पुढे जाईल. ती बाई बाहेर बाकावर बसलेली असेल आणि तिला सांगतील, या वेळी नाही झालं. तिला कारण कधीच कळणार नाही. तुलाही कळणार नाही.

दहावीत तुला क्युरींवरचं पुस्तक दिलं होतं, ते आठवतं का? पिएर आणि त्याचा भाऊ जॅक यांनी १८८० साली स्फटिक दाबून वीज काढली, म्हणजे तुझ्या पिझोचीच सुरुवात केली, तेव्हा पिएर एकवीस वर्षांचा होता. क्वार्ट्झ, टूर्मलीन, आणि आपली उसाची साखरसुद्धा त्यांच्या यादीत होती. त्याच क्वार्ट्झवर त्या भावांनी अगदी सूक्ष्म प्रवाह मोजायचं यंत्र केलं, आणि पुढे मेरीने त्यावर पिचब्लेंड मोजलं. आत जेवढं युरेनियम, त्याच्या हिशेबापेक्षा रीडिंग कितीतरी जास्त आलं. तिने आधी आपल्यावरच संशय घेतला, यंत्र तपासलं, पुन्हा पुन्हा मोजलं. ते न बसणारं रीडिंग तिने वहीत राहू दिलं, आणि १८९८ मध्ये त्यातून पोलोनियम आणि रेडियम निघाले. तुला ते पान इतकं आवडलं होतं की तू कोपरा दुमडलास आणि मी ओरडले. पुस्तक माझ्याकडेच आहे. कोपरा अजून दुमडलेला आहे.

मी फार बोलले का? डेमोची तारीख ठरली की माणसाला काय होतं ते मला कळतं. पगार, मालक, बरोबरीचे लोक, घरी "झालं का गं तुझं यंत्र" म्हणून विचारणारे आम्ही सगळे. मीही विचारलंच की, गणपतीत दोनदा. मला तेव्हा एक एसटी पकडायची होती, तुझ्यावर तर सगळ्या ऑफिसचं ओझं आहे. तू खोटं केलंस असं मी म्हणत नाही. तू दमली आहेस, एवढंच मला त्या मुलाच्या बोलण्यातून ऐकू आलं.

साडेचार वर्षांची होतीस तेव्हा माझ्या मांडीवर बसून भिंगातून साखरेचा दाणा बघितला होतास. श्वास रोखून. "आत्या, याला कडा आहेत!" म्हणालीस. मग चिमट्याने तो उचलायला गेलीस आणि तो सात-आठ वेळा निसटला. दर वेळी निसटला की तू बोटं मोजायचीस, इतक्या वेळा पडला म्हणून. ते भिंग आणि तो चिमटा डब्यात घालून कुरिअर करते आहे. चिमट्याची टोकं मी कालच दगडावर घासून जुळवली. हात आता थोडे कापतात, पण टोकं नीट जुळली आहेत, उजेडात धरून बघ.

चाळीसच्या चाळीस घेऊन क्लिनिकवाल्यांपुढे बसलीस आणि कुणी काही बोललं, किंवा नोकरीवरच आलं, तर बॅग भरून इकडे ये. वरच्या खोलीचा पंखा दुरुस्त करून घेतला आहे. आतोबांचं टेबल रिकामं आहे, त्यावर तुझा मायक्रोस्कोप बसेल, मी टेपने मापून बघितलं. गाडी कितीही रात्री आली तरी बेल वाजव. मला जाग असतेच.

तुझी,
आत्या

ता. क. त्या मुलाला रागावू नकोस. तो मनापासून तुझं कौतुक करत होता, आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्याही त्यानेच आणला. डब्यात मेथीचे लाडू आहेत, त्यातले दोन त्याला दे. तू रोज एक खा, रिकाम्या पोटी अकरापर्यंत थांबू नकोस.