लॅपटॉप घेताना आधी स्क्रीन बघा, ग्राफिक्स कार्ड नंतर



व्हिडिओ बघताना सगळे आकडे लिहून घेणं जमत नाही. म्हणून स्क्रीन आणि ग्राफिक्स कार्डचा धडा इथे लिहून देतोय. दुकानात जाताना मोबाईलवर उघडून ठेवा.

सुरुवात पैशापासून. मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं. समजा, तुम्ही आंबापोळी आणि कोकम सरबताचा धंदा सुरू करताय. सगळं कर्ज लॅपटॉपमध्येच गेलं, तर बाटल्या, लेबलं, पॅकिंग कशातून आणणार? आपल्यासाठी लॅपटॉप म्हणजे मशीन. त्याने कमावून दिलं पाहिजे. दुकानदार विचारेल, "बजेट किती?" तुम्ही त्याआधी स्वतःला विचारा, "काम काय?"

स्क्रीनचे प्रकार

टीएन: सगळ्यात स्वस्त. समोरून ठीक दिसते, पण वरून-खालून बघितलं की रंग उलटेपालटे होतात. फक्त बिलिंग करायचं असेल तर चालेल.

व्हीए: काळा रंग छान गडद दिसतो. लॅपटॉपमध्ये कमी, बाहेरच्या मॉनिटरमध्ये जास्त मिळते.

आयपीएस: कुठल्याही बाजूने बघा, रंग फारसे बदलत नाहीत. बहुतेक छोट्या धंद्यांना हीच पुरते.

ओलेड: रंग सगळ्यात उठावदार, काळा अगदी काळा. पण महाग. आणि बिलिंग सॉफ्टवेअरसारखं एकच चित्र रोज तासन्‌तास राहिलं, तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो.

आता खरी गोम. नुसतं "आयपीएस" ऐकून खूश होऊ नका. स्वस्त आयपीएसच्या माहितीत बऱ्याचदा "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं असतं. म्हणजे एसआरजीबी या नेहमीच्या रंगमापातले साधारण ६० ते ६५ टक्केच रंग ती दाखवते. आपल्याला हवी ती "१०० टक्के एसआरजीबी"च्या जवळची.

याने काय बिघडतं? कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पेटीवरचं लेबल आणि आंब्याचा फोटो ही तुमची ओळख. फिक्या स्क्रीनवर हापूसचा केशरी मरगळलेला दिसतो. मग तुम्ही रंग वाढवत जाता. तोच फोटो गिऱ्हाईकाच्या चांगल्या मोबाईलवर गेला की भडक दिसतो, आणि त्याला वाटतं, फोटोत काहीतरी गडबड आहे. माल चांगला असून विश्वास जातो.

एक लक्षात ठेवा. स्क्रीन कितीही चांगली असली तरी छपाई वेगळ्या शाईरंगांत होते, त्यामुळे कागदावर रंग थोडा बदलणारच. हजार लेबलं छापण्याआधी एक नमुना छापून बघायचाच.

उजेडाचं माप म्हणजे निट्स. दुकानाच्या आत २५० चालतं. पडवीत, स्टॉलवर किंवा बागेत बसून काम असेल तर ३०० च्या वर घ्या, आणि चकचकीत काचेऐवजी मॅट स्क्रीन घ्या. नाहीतर स्क्रीनमध्ये स्वतःचंच तोंड दिसेल! रिझोल्यूशन १९२० बाय १०८० च्या खाली नको. १४४ हर्ट्झ वगैरे गेम खेळणाऱ्यांसाठी. आपल्याला ६० पुरे.

ग्राफिक्स कार्ड कोणाला लागतं?

ग्राफिक्स दोन प्रकारचं. एक प्रोसेसरमध्येच असलेलं, जसं इंटेल आयरिस एक्सई किंवा एएमडी रेडिऑन. दुसरं वेगळं कार्ड, जसं एनव्हिडियाचं आरटीएक्स. पहिलं लॅपटॉपची रॅम वापरतं. दुसऱ्याला स्वतःची मेमरी असते: ४, ६ किंवा ८ जीबी.

बिलिंग, जीएसटी, लेबल डिझाइन, होमस्टेचे फोटो, रील्स, साधं व्हिडिओ एडिटिंग: आतलं ग्राफिक्स पुरतं. पण रॅम १६ जीबी घ्या, आणि ८-८ च्या दोन असतील तर उत्तम. आयरिस एक्सईला पूर्ण ताकद जोडीच्या रॅमवरच मिळते.

इंटिरियरचे थ्री-डी नकाशे, थ्री-डी रेंडरिंग, लग्नाचे फोरके व्हिडिओ रोज: इथे वेगळं कार्ड घ्याच. तिथे वाचलेला वेळ म्हणजे पैसा.

कार्ड घेताना वॅट विचारा. आरटीएक्स ४०५० हे एकच नाव, पण कंपन्या ते ३५ पासून ११५ वॅटपर्यंत बसवतात. नाव तेच, काम वेगळं. शिवाय अशा लॅपटॉपचा चार्जर मोठा, बॅटरी लवकर उतरते. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट गेली की इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल, याचाही हिशोब करा.

मग स्क्रीन आधी का? रॅम आणि एसएसडी बऱ्याच मॉडेलमध्ये नंतर वाढवता येते. ग्राफिक्स कार्ड बोर्डलाच जोडलेलं असतं, बदलता येत नाही. स्क्रीन बदलणं खर्चिक. पण स्क्रीनकडे तुम्ही रोज आठ तास बघणार, आणि कार्ड कदाचित महिनाभर झोपून राहील.

दुकानात एवढं करा

१. मॉडेलचा पूर्ण नंबर घ्या. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या स्क्रीन असतात. कंपनीच्या साईटवर एसआरजीबी आणि निट्स तपासा.
२. तुमच्या मालाचा फोटो पेनड्राईव्हवर न्या. माल शेजारी ठेवून स्क्रीनवर बघा.
३. जीएसटी नंबर असेल तर बिलावर घाला. नेहमीच्या नोंदणीत, धंद्यासाठी घेतलेल्या लॅपटॉपवरच्या १८ टक्के कराचं क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशनमध्ये मिळत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

सध्याच्या किंवा मित्राच्या विंडोज कॉम्प्युटरवर तुमचं नेहमीचं काम सुरू करा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूचा आकडा बघा. दिवसभरात तो क्वचितच वर जात असेल, तर कार्डाचे पैसे वाचवा आणि चांगल्या स्क्रीनला, पॅकिंगला लावा. सतत शंभराकडे पळत असेल, तर कार्ड ही तुमची गरज आहे, बिनधास्त घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबाने करा!