हरूनही न हरणारा चार्ली

वर्तमानपत्र हातात आले, की मोठी माणसे पहिल्या पानावरच्या बातम्या वाचू लागतात. मुलांची नजर मात्र आतल्या पानांवर चित्रे शोधते. एका ओळीत तीन-चार चौकटी, त्यांत छोटी छोटी चित्रे आणि पात्रांच्या तोंडची दोन-चार वाक्ये! वाचायला एक मिनिटही लागत नाही. रोज अशी चित्रे छापली जातात, तेव्हा त्यांना चित्रमालिका म्हणतात.

आजचे वर्तमानपत्र उद्या रद्दीत जाते. मग त्यातली चित्रे तरी कोण लक्षात ठेवणार? पण एका चित्रमालिकेच्या बाबतीत तसे झाले नाही. तिचे नाव ‘पीनट्स’. २ ऑक्टोबर १९५० रोजी अमेरिकेतल्या अवघ्या सात वर्तमानपत्रांत ती सुरू झाली. पुढे ती ७५ देशांतील सुमारे २,६०० वर्तमानपत्रांत आणि २१ भाषांत छापली जाऊ लागली. ती काढणारे चित्रकार २००० साली वारले, तरी तिची जुनी चित्रे आजही पुन्हा पुन्हा छापली जातात. लोकांना तिच्यात एवढे काय आवडले असेल?

या चित्रमालिकेचा नायक आहे चार्ली ब्राउन. गोल डोक्याचा आणि नागमोडी पट्ट्याचा शर्ट घालणारा एक साधा मुलगा. गोष्टीतला नायक म्हटला, की तुमच्या डोळ्यांपुढे शूर आणि विजयी वीर उभा राहतो. चार्ली तसा मुळीच नाही. तो पतंग उडवायला जातो आणि पतंग झाडात अडकतो. तो बेसबॉल खेळतो. हा आपल्या क्रिकेटसारखा चेंडू-दांड्याचा खेळ आहे. चार्ली संघाचा नायक आहे, पण त्याचा संघ जवळजवळ प्रत्येक सामना हरतो.

त्याची मैत्रीण लूसी हिची एक खोडी तर जगप्रसिद्ध आहे. ती जमिनीवर चेंडू धरून बसते आणि चार्लीला धावत येऊन लाथ मारायला सांगते. चार्लीला मागचा अनुभव आठवतो. तो नको म्हणतो. लूसी गोड बोलून त्याला पटवते. चार्ली जोरात धावत येतो आणि ऐन वेळी लूसी चेंडू ओढून घेते! बिचारा चार्ली धाडकन पाठीवर आपटतो. वर्षानुवर्षे हे असेच चालले. तरीही पुढच्या वेळी चार्ली पुन्हा धावतोच.

चार्लीभोवतीची मुलेही मजेदार आहेत. लायनस बुद्धिमान आहे, पण हातातली चादर सोडायला तो तयार नसतो. श्रोडर खेळण्यातल्या पियानोवर बेथोव्हेन या थोर संगीतकाराच्या रचना वाजवतो. चार्लीचा कुत्रा स्नूपी आपल्या घराच्या छपरावर बसून स्वतःला लढाऊ विमानाचा वैमानिक समजतो. या जगात मोठी माणसे दिसत नाहीत. पण या मुलांच्या मनातली भीती, आशा आणि एकटेपणा मोठ्यांनाही आपलाच वाटतो.

या मुलांना जन्म देणारे चित्रकार होते चार्ल्स शुल्झ. त्यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९२२ रोजी मिनिआपोलिस या शहरात झाला. वडिलांचे केस कापण्याचे दुकान होते. चार्लीचे वडीलही हाच धंदा करतात. शुल्झ लाजाळू होते. शाळेच्या वार्षिक अंकासाठी त्यांनी चित्रे दिली, पण ती छापली गेली नाहीत. मग त्यांनी टपालाने चित्रकला शिकवणाऱ्या एका संस्थेत नाव घातले. तेथे लहान मुलांची चित्रे काढण्याच्या भागात त्यांना बेताचेच गुण मिळाले! पुढे लहान मुलांच्या चित्रांनीच त्यांचे नाव जगभर नेले. ‘पीनट्स’ म्हणजे भुईमुगाचे दाणे. हे नाव चित्रे वितरित करणाऱ्या कंपनीने दिले होते. शुल्झ यांना ते कधीच आवडले नाही. तरीही त्यांनी काम थांबवले नाही.

१९६८ साली एक महत्त्वाची घटना घडली. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झटणारे मार्टिन ल्यूथर किंग यांची एप्रिल महिन्यात हत्या झाली. साऱ्या देशात दुःख आणि संताप होता. तेव्हा हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने शुल्झ यांना पत्र लिहिले. तुमच्या मुलांमध्ये एक काळा मुलगाही असू द्या, अशी तिने विनंती केली. शुल्झ प्रथम कचरले. आपण उपकार करत आहोत, असे तर काळ्या लोकांना वाटणार नाही ना, अशी त्यांना शंका होती. पत्रे येत-जात राहिली. अखेर ३१ जुलै १९६८ रोजी फ्रँकलिन नावाचा मुलगा चित्रमालिकेत आला. समुद्रात गेलेला चार्लीचा चेंडू तो परत आणून देतो. मग दोघे मिळून वाळूचा किल्ला बांधतात. एवढीच साधी गोष्ट! पण दक्षिणेतल्या एका संपादकाला पुढे या मुलांचे एकाच वर्गात बसणे खटकले. तसे दाखवू नका, असे त्याने कळवले. शुल्झ यांनी त्या पत्राला उत्तरही दिले नाही. फ्रँकलिन वर्गातच राहिला.

चार्लीच्या नशिबी हार होती, पण त्याचे नाव आकाशाला भिडले. मे १९६९ मध्ये ‘अपोलो १०’ चंद्राकडे निघाले. त्याच्या मुख्य यानाचे नाव होते ‘चार्ली ब्राउन’ आणि चंद्राजवळ उतरत जाणाऱ्या छोट्या यानाचे नाव ‘स्नूपी’!

१९८१ साली शुल्झ यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांचा हात थरथरू लागला. रेषा सरळ येईना. तरी त्यांनी आपले काम दुसऱ्या चित्रकाराकडे सोपवले नाही. जवळजवळ पन्नास वर्षांत त्यांनी एकूण १७,८९७ चित्रपट्ट्या काढल्या. शेवटची चित्रपट्टी १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आली. तिच्या आदल्याच रात्री शुल्झ यांनी जगाचा निरोप घेतला होता.

त्याच्या काही महिने आधी, १९९९ साली, चेंडूचा तो खेळ शेवटचा रंगला. लूसीला जेवायला घरात जावे लागले. चेंडू धरायला तिचा धाकटा भाऊ रीरन बसला. चार्ली धावला. पुढे काय झाले? लाथ बसली, की रीरननेही चेंडू ओढला? शुल्झ यांनी ते चित्र काढलेच नाही. लूसीने विचारले, तेव्हा ते तुला कधीच कळणार नाही, असे भावाने सांगितले. आपल्यालाही ते कळले नाही. पण चार्ली धावला, हे मात्र आपण पाहिले.

मित्रांनो, आपण सगळेच कधी ना कधी हरतो. परीक्षेत गुण कमी पडतात, संघात निवड होत नाही, जवळचा मित्र रुसतो. जिंकणाऱ्यांच्या गोष्टी अशा वेळी दूरच्या वाटतात. चार्ली जवळचा वाटतो. हरण्याची लाज वाटून घेऊ नका, असा उपदेश तो करत नाही. तो फक्त उठतो, कपडे झटकतो आणि उद्या पुन्हा मैदानावर येतो. म्हणूनच एका मिनिटात वाचून होणारी त्याची गोष्ट इतकी वर्षे टिकली आहे.

शब्दार्थ
नागमोडी – वळणावळणाचा
खोडी – त्रास देण्याची गंमत
बेताचे – फार नाही, थोडेसे
कचरणे – मागेपुढे पाहणे
संताप – फार राग
खटकणे – मनाला न पटणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘पीनट्स’ ही चित्रमालिका केव्हा सुरू झाली?
(आ) हॅरिएट ग्लिकमन यांनी शुल्झ यांना कोणती विनंती केली?
२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) चार्ली इतर गोष्टींतल्या नायकांपेक्षा वेगळा कसा आहे?
(आ) शुल्झ यांना कोणकोणत्या अडचणी आल्या?
३. विरुद्ध अर्थाचे शब्द लिहा : हार, धाकटा, सरळ, आशा.
४. चार्लीच्या शेवटच्या धावेनंतर काय झाले असेल? तुमच्या मनाने पाच ओळी लिहा.